मेहेंदळ्यांचा पास

"अहो, ही दोन माणसं आहेत का?" बाइंडिंगच्या दुकानातल्या कौशल्याबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, आणि मी मूर्खासारखं मागे वळून बघितलं. दुकानात माझ्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. बुधवार पेठेतल्या गल्लीतलं एवढंसं दुकान, खळीचा आंबूस वास, मागे त्यांच्या यजमानांचं कागद कापायचं मशीन खाडखाड चाललेलं. माझ्या एम.ई.च्या प्रबंधाच्या चार प्रती बांधायच्या होत्या. शनिवारी त्या कॉलेजात द्यायच्या होत्या आणि आज बुधवार होता, कंपनीतून लवकर निघून आलो होतो. बाईंच्या एका हातात कव्हरचा मजकूर होता, दुसऱ्या हातात आत लावायचं कंपनीचं पत्र. "इथं लिहिलंय बुद्धभूषण कचरू ओव्हाळ. आणि पत्रात आहेत कुणी चेतन मेहेंदळे. सोन्यात कुठलं टाकू? कव्हरवर एकच मावतं. आणि एकदा उठलं की पुसता येत नाही, आधीच सांगते."

मी पत्र घेतलं. सोमवारी कंपनीत मिळाल्यापासून ते मी चार वेळा वाचलं होतं. दोनदा बसमध्ये, एकदा घरी मोरीत जाऊन, एकदा आज सकाळी. 'सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड ऑनेस्ट' ही शेवटची ओळ तर पाठ झाली होती. आणि नाव? नाव दिसलं नव्हतं असं कसं म्हणू, पहिल्याच ओळीत होतं. दिसलं होतं, पण खटकलं नव्हतं. आपल्या नावावरून डोळा जसा सरळ पुढे जातो तसा तो त्या नावावरून गेला होता. चार वेळा गेला होता. हे त्या खळीच्या वासात उभं राहून कळलं. "कॉम्प्युटरची चूक आहे," मी म्हणालो. "हल्ली त्याचीच असते," बाई म्हणाल्या आणि सगळे कागद नीट जुळवून परत दिले. "उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून आणलंत तर शनिवारी सकाळी मिळेल. परवा आणलंत तर सोमवारी." सोमवारी मिळून काय उपयोग होता? कंपनीच्या पत्राशिवाय कॉलेज प्रबंध घेत नव्हतं, शनिवार चुकला की तोंडी परीक्षा सहा महिने पुढे, आणि कंपनीनं जुलैपासून देऊ केलेली नोकरी पदवीच्या अटीवर होती. एवढं सगळं एका नावावर येऊन अडलं होतं आणि ते नाव माझं नव्हतं.

गल्लीतून बाहेर आलो. दगडूशेठसमोर नेहमीची गर्दी, रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं, मोबाइलची नवी कोरी पोस्टरं. मी चालत राहिलो आणि मनात कॉम्प्युटर, कॉम्प्युटर असं घोकत राहिलो. उद्या हडपसरला कंपनीत जायचं, तिथल्या परचुरे सरांना सांगायचं, सर, कॉम्प्युटरनं घोळ केला. दोन मिनिटांचं काम. पण कुणाला बनवतोयस, असं माझं मलाच ऐकू येत होतं. कॉम्प्युटर बिचारा काय करणार? त्याला जे सांगितलं ते त्यानं छापलं. पास नंबर टी-सत्तेचाळीस म्हणजे चेतन मेहेंदळे. वर्षभरात त्याला दुसरं काही कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम कुणाचं होतं?

आमच्या कॉलेजनं दोन वर्षांपूर्वी ती योजना काढली होती. सोमवार ते गुरुवार कंपनी, शुक्रवार-शनिवार कॉलेज. जागतिकीकरण आलंय, नुसती पुस्तकं वाचून कसं चालेल, उद्योगाशी नातं हवं, असं उद्घाटनाच्या भाषणात सगळे म्हणाले होते. नातं कसलं? कंपनीत आम्ही 'कॉलेजवाले', कॉलेजात आम्ही 'कंपनीवाले'. कंपनीतले म्हणायचे, यांना काम येत नाही, कॉलेजातले म्हणायचे, यांचा अभ्यास राहिला. दोन्हीकडे खुर्ची मिळायची ती दाराजवळची. वर्गातले निम्मे तर मध्येच सॉफ्टवेअरला पळाले. माझ्या आधी या कंपनीत तीन महिने काढलेला चेतन मेहेंदळे त्यांतलाच एक. पंपाच्या सीलची गळती अर्धवट सोडून तो न्यू जर्सीला गेला आणि त्याच्या रिकाम्या जागी मला पाठवलं. मी त्याला आजवर पाहिलेलंही नाही. गोरा असेल, असं मला उगाचच वाटायचं.

पहिल्या दिवशी टाइम ऑफिसातले हिंमतराव म्हणाले, "नवा पास व्हायला म्हैना लागतोय. तवर ह्यो मेहेंदळ्यांचा घ्या. फोटो तुमचा चिकटवून देतो, नंबर हाय तोच राहू द्या. गेटवर कोन वाचत न्हाई." हिंमतराव फुरसुंगीकडचे, कारखाना उभा राहिला तेव्हापासून गेटवर. मी हसून पास खिशाला लावला. डिपार्टमेंटला गेलो तर परचुरे सर कुणाशी तरी फोनवर बोलत होते. त्यांनी माझ्या खिशाकडे एक नजर टाकली, फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "या मेहेंदळे, बसा." बसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणार होतो. त्यांचा फोन संपायची वाट बघत होतो. पण फोन संपल्यावर त्यांनी चहा मागवला, माझ्यासमोर ड्रॉइंग पसरलं आणि विचारलं, "तुमचं काय मत?" दोन वर्षांत, दोन कशाला, आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेबानं माझं नाव ऐकल्यावर तो अर्धा क्षण न थांबता मला विचारलं होतं, तुमचं काय मत. तो अर्धा क्षण ज्याच्या वाट्याला आला नाही त्याला तो समजावून सांगता येत नाही. समोरचा काही वाईट बोलत नाही. उलट जरा जास्तच चांगलं वागतो. पण आधी थांबतो. त्या दिवशी कुणी थांबलं नाही आणि मला इतकं मोकळं वाटलं की मी भराभर बोललो, चांगलं बोललो, सरांनी माझं म्हणणं लिहून घेतलं. वाटलं, उद्या सांगू.

आणि आता खरं सांगायचं तर नवा पास आला होता. म्हैना म्हणता म्हणता पाच आठवड्यांनी आला, पण आला. त्यावर माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, स्वच्छ टाइप केलेलं. हिंमतरावांनी तो खिडकीतून दिला आणि म्हणाले, "जुना द्या की माघारी." मी म्हणालो, "उद्या देतो." दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हाय तेच बरं चाललंय व्हय?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तर तो जास्त लागला. नवा पास मी घरी नेला नाही, कॉलेजच्या कपाटात थर्मोडायनॅमिक्सच्या वहीत ठेवला. बघा, किती व्यवस्थित विचार केला होता मी. घरी बाबांच्या हाती लागला असता तर ते विचारणार, अरे, हा इथं कसा, तू आत कशावर जातोस? लोक म्हणतात, ओघात होऊन गेलं. ओघात काही होत नाही. पाच आठवडे ओघ होता, नंतरचे अकरा महिने मी होतो.

कॉलेजात कधी काही उघडं पडलं नाही. तिथल्या लॉगबुकावर नाव नव्हतंच, रोल नंबर होता, आणि आमचे तिथले सर कंपनीचा शिक्का बघून न वाचता सही करायचे. कंपनीत दर महिन्याचा अहवाल टी-सत्तेचाळीसच्या नावावर जायचा. गळतीचं कारण मी शोधलं. शाफ्ट तापल्यावर सीलच्या बैठकीला एका बाजूनं किती ताण येतो ते मोजलं, बैठकीचा कोन बदलून दाखवला आणि गळती थांबली. ती थांबली तेव्हा शॉपमधल्या लोकांनी पेढे आणले आणि एकानं मोठ्यानं म्हटलं, "मेहेंदळेसाहेबांनी नाव काढलं." मी पेढा खाल्ला. चांगला होता.

रविवारी सकाळी सर मला प्रबंधाची प्रकरणं तपासायला नारायण पेठेतल्या घरी बोलवायचे. सुनीतीताई, त्यांच्या मिसेस, जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. पहिल्याच रविवारी आमटी वाढताना त्यांनी विचारलं, "कुठले मेहेंदळे तुम्ही?" माझ्या हातातला घास हातातच राहिला. "वारज्याचे," मी म्हणालो. त्या हसल्या, म्हणाल्या, "नाही हो, मूळचे." सर म्हणाले, "जेवू दे त्याला." मला वाटलं, सरांनी वाचवलं. मला तेव्हा सरांबद्दल केवढं प्रेम वाटलं! पाटावर मांडी घालून बसायची मला सवय नव्हती, पाय दुखायचे, पण मी हलायचो नाही. मीठ कुठं वाढतात, कोशिंबीर कुठं, पुन्हा काय मागायचं, काय नको म्हणायचं, सगळं डोळे उघडे ठेवून शिकलो. घरी आई ज्या मायेनं सुकट भाजायची तिचा वास रविवारी सकाळी माझ्या शर्टाला लागू नये म्हणून मी शर्ट गॅलरीत वाळत घालायचो. आईला सांगायचो, ऊन चांगलंय. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटली तर वाटू दे.

एका रविवारी सर वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणाले, "कोट्यातून आलेल्यांच्या हाती ड्रॉइंग दिलं की सील गळणारच." सुनीतीताई म्हणाल्या, "तुमचं आपलं काहीतरीच." आणि मी हसलो. मोठ्यानं नाही, जेवढं हसायला हवं तेवढंच. घरी जाताना बसमध्ये ते हसू माझ्या तोंडात तसंच होतं, जाता जाईना. वारजे आल्यावर उतरलो आणि नळावर चूळ भरली. मग वर गेलो तर बाबा म्हणाले, "आत्ता फोन आला होता. कुणी बाई मेहेंदळ्यांना मागत होत्या. म्हणे, डबा विसरला. मी सांगितलं, इथे कुणी मेहेंदळे राहत नाही, नंबर नीट बघून लावा." एवढं बोलून ते पुन्हा बातम्या बघायला लागले. दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, घरचा फोन बिघडलाय, आणि कोपऱ्यावरच्या बूथचा नंबर दिला.

माझे बाबा टेलिफोन खात्यात होते. लाइनमन म्हणून लागले, सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. त्यांच्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून त्यांचं नाव कचरू ठेवलं, मरणानं नको म्हणून टाकून द्यावं म्हणून. शाळेत हजेरीला मुलं हसायची. खात्यात साहेब 'ए कचऱ्या' म्हणायचे आणि बाबा कधी हे बोलून दाखवायचे नाहीत, फक्त एकदा मला म्हणाले होते, "माझं नाव लोकांनी अर्धंच घेतलं. तुझं एवढं लांब ठेवलंय की घेणाऱ्याला थांबून घ्यावं लागेल." त्यांना तो अर्धा क्षण हवा होता. त्यांनी तो मुद्दाम ठेवला होता माझ्या नावात. आणि मी तोच चुकवत फिरत होतो. हे काही मला बुधवारी कळलं असं नाही. कळत होतंच. कळून करत होतो.

गुरुवारी सकाळी हडपसरला पोचलो. गेटवर हिंमतरावांनी पासाकडे बघितलं नाही, मान हलवली. सर टेबलाशी होते. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सर, कॉम्प्युटरनं नावात घोळ केलाय." सरांनी पत्र उचललं नाही. खण उघडला, एक फाइल काढली, तिच्यातला एक कागद काढून माझ्याकडे फिरवला. माझ्या कॉलेजचं पत्र होतं, मला कंपनीत पाठवल्याचं, मागच्या वर्षीच्या जूनचं. त्यावर माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, कोपऱ्यात सरांची सही आणि मी कंपनीत येण्याच्या आदल्या दिवसाची तारीख.

"बसा, ओव्हाळ," सर म्हणाले.

मी बसलो. त्यांनी माझं खरं नाव इतकं सहज घेतलं की जणू वर्षभर तेच घेत होते. "तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी खिशावर मेहेंदळे दिसलं म्हणून मेहेंदळे म्हटलं. वाटलं, सांगाल. तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्हाला बरं वाटत होतं. मग मी कशाला बोलू?"

"घरी सुनीतीताईंना..."

"तिला माहीत नाही. तिनं तुम्हाला मेहेंदळे म्हणूनच वाढलं. मी मात्र ओव्हाळ म्हणून बोलवत होतो." "एकदा पेपर वाचताना मी काहीतरी बोललो होतो. मुद्दाम. म्हटलं, आज तरी हा माणूस उठून बोलेल. तुम्ही हसलात."

मुद्दाम! मला म्हणावंसं वाटलं, मुद्दाम काय, पोटात होतं ते ओठावर आलं तुमच्या, आणि आता त्याला परीक्षेचं नाव देताय. तुम्हाला हे करायचा अधिकार कुणी दिला? वर्षभर मला पाटावर बसवून तुम्ही बघत होतात, हा किती वेळ बसतो. पण मी हसलो होतो हे खरं होतं, आणि त्या एका हसण्यानं माझ्या तोंडातली सगळी वाक्यं त्यांच्या बाजूला जाऊन बसली होती. मी एवढंच म्हणालो, "हे पत्रही मग तुम्ही जाणूनबुजूनच..."

"पर्सोनेलनं टाइप करून पाठवलं, मी सही केली. म्हटलं, वाचून पाच मिनिटांत परत येतील. आज चौथा दिवस." सरांनी आता पत्र उचललं. पेन काढलं. "नाव दुरुस्त करून देतो. अर्ध्या तासात नवीन टाइप होऊन येईल. काम तुमचं आहे, ते उत्तम आहे, त्याबद्दल एक अक्षर कमी करणार नाही. नोकरीचंही आहे तसंच राहील. फक्त," त्यांनी शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं, "इथं 'ऑनेस्ट' आहे. तो शब्द मेहेंदळ्यांसाठी चालून गेला असता. ओव्हाळांसाठी मला ठेवता येणार नाही."

आणि त्यांनी तो शब्द खोडला. आडवी एक रेघ, पट्टी लावल्यासारखी.

"सर," मी म्हणालो, "वर्षभर त्या नावाच्या अहवालांवर सही तुमचीच होती."

"हो," सर म्हणाले. "म्हणून तर माझ्याबद्दल असं पत्र मी कुणाकडे मागत नाही." बेल दाबली आणि पत्र टाइपला पाठवलं. मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, पहिल्या दिवशी मागवला होता तसाच, आणि मी तो प्यायलो. एवढं झाल्यावर तो कप मी तसाच ठेवून उठू शकलो असतो. जुलैपासून मला याच माणसाच्या हाताखाली काम करायचं होतं आणि ते मी करणार होतो, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

संध्याकाळी नव्या पत्राची झेरॉक्स बाइंडिंगला देऊन, मूळ पत्र घेऊन घरी गेलो. कुणाला दाखवायचं नव्हतं, पण बाबा सोमवारपासून विचारत होते, आज टाळता आलं नाही. त्यांनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि पत्र खिडकीशी नेऊन ओळीखाली बोट ठेवत वाचायला लागले. पहिल्या ओळीवर थांबले. "मिस्टर बुद्धभूषण कचरू ओव्हाळ," मोठ्यानं म्हणाले. पुन्हा म्हणाले. आतून आईला हाक मारली, "अगं ललिता, ये, पूर्ण लिहिलंय बघ." आई ओल्या हातानं दारात आली. बाबांनी तिसऱ्यांदा वाचलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

मग माझ्या धाकट्या बहिणीनं, मैत्रीनं, पत्र त्यांच्या हातातून घेतलं. ती कोथरूडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पर्सोनेलला लागली होती, असली पत्रं दिवसाला दहा काढायची. तिनं ते वरपासून खालपर्यंत सरसर वाचलं. "छानच आहे, दादा. फक्त शेवट अर्धवट सोडलाय यांनी. 'सिन्सिअर, हार्डवर्किंग' आणि फुलस्टॉप. पुढे 'अँड ऑनेस्ट' असतं नेहमी. आमच्याकडे ते आधीच छापलेलं असतं, अगदी चोरालासुद्धा देतो आम्ही."

"म्हणजे काय?" आईनं विचारलं.

"प्रामाणिक," बाबा म्हणाले. त्यांनी पत्र पुन्हा घेतलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बघितलं, कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. "टाइप करणाऱ्याच्या हातून राहिलं असेल. होतं असं. आमच्याकडे पण व्हायचं."

"राहू द्या, बाबा," मी म्हणालो. "एका शब्दानं काही अडत नाही."

"कसं अडत नाही? बाकीच्या मुलांच्या पत्रात आहे आणि तुझ्या नाही, असं कसं?" ते रागावले नव्हते. उलट इतके खूश होते की त्यांना काहीच अवघड वाटत नव्हतं. "एवढं मोठं काम केलंस, एवढं पूर्ण नाव लिहिलं त्यांनी, एक शब्द घालायला कुणी नाही म्हणणार नाही. तू भिडस्त आहेस, तुला मागता येत नाही. उद्या मी येतो तुझ्याबरोबर हडपसरला. तुझे ते सर चांगले आहेत म्हणतोस ना? मी सांगतो त्यांना. म्हणावं, साहेब, पंपाचं मला काही कळत नाही, पण माझा मुलगा खोटं बोलत नाही, हे मी लिहून देतो."

आई म्हणाली, "निळा शर्ट घाला मग, त्याला इस्त्री आहे." आणि बाबा कपाट उघडायला उठले.